आठ म्हशींचे अंतर

मुंबई ते कोल्हापूर हे अंतर मी फक्त रेल्वेने मोजले आणि एक निर्दोष माणूस आठवडाभर कोठडीत ठेवला. ती घटना मी विसरायचे ठरवले तरी घरचे लोक विसरू देत नाहीत.

महाराजांची राजवट होती. उजळाईवाडीच्या माळावर विमान नुकतेच उतरू लागले होते. शिवाजी पेठेतल्या एका विधवा बाईंच्या पेटीतून दत्तकपत्र नाहीसे झाले. ते सापडले नसते, तर सगळी इस्टेट पुतण्याकडे जाणार होती. मी तिथला फौजदार. ठाण्यात निनावी चिठ्ठी आली: "घरगड्याला धरा." मी धरला.

गडी एकच सांगे, "दुपारी तीनला पुतण्या मागल्या दारानं गेला. म्या बघितलं."

पुतण्याकडे वकिलाचे पत्र होते. त्या दिवशी सकाळी दहाला तो मुंबईच्या कोर्टात हजर होता. रेल्वेचे वेळापत्रक मला तोंडपाठ. पुणे, मिरज, गाडी बदलणे; दुसरा दिवस उजाडल्याशिवाय माणूस इथे पोचतच नाही. मी मेजावर हात आपटून म्हणालो, "मग काय उडत आला?"

"ते मला म्हाईत न्हाय, सायब. पर त्योच हुता."

पाचव्या दिवशी पुतण्या जबाबावर सही करून गेला. गड्याची बायको भाकरी घेऊन दारात उभी होती. ती आत आली.

"सायब, आत्ता गेला त्यो पावणा त्या दिवशी इमानातनं उतरला की! वकून बेजार. माझ्याच तांब्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं."

ती त्या माळावर म्हशी राखायची. विमान यायच्या आधी माळ मोकळा करणे तिच्याच गळ्यात होते. मी हसलो. "मुंबईहून एवढ्या लवकर येतं होय तुझं विमान?"

"तार आली की तळावरचा कारकून वरडतोय, 'मुंबईस्नं सुटलं!' मग मी म्हशी वड्यावर न्हेतो, आठीच्या आठी घासून धुतो. आठवी झाली की डोस्क्यावर घरघर. वारं तोंडावर असलं, तर पयलीला परत घासतो."

दोन दिवसांनी विमान यायचे होते. मी घड्याळ घेऊन ओढ्याकाठी बसलो. कारकुनाने हाक दिली, बाईने पहिली म्हैस पाण्यात घातली. आठवीचे शेपूट धुऊन होते न होते तोच आवाज आला. घड्याळात दोन तास आणि वर काही मिनिटे झाली होती. तळावरच्या नोंदवहीत चोरीच्या दिवशीच्या उतारूचे नाव भलतेच होते. अक्षर मात्र जबाबावरच्या सहीचे.

पुतण्याला बोलावले. मी कडक प्रश्नांची यादी केली होती. ती बाई आधीच बोलली, "काय पावणं, पोट बरं हाय न्हवं आता?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. झडती घेतली, तेव्हा त्याच्या ट्रंकेच्या अस्तरातून दत्तकपत्र निघाले. चिठ्ठीही त्याचीच होती.

ज्याचे काम वेळेवर अवलंबून असते, त्याला वेळ आधी विचारावी, एवढे मी त्या माळावर शिकलो. पुढे नोकरीत हुशार माणसे पुष्कळ भेटली. तिच्या तोडीचे कोणी नाही. गड्याला मी स्वतः कुलूप काढून सोडले, माफी मागितली आणि तिला म्हणालो, "बाई, आमच्या खात्यात तुझ्यासारखी माणसं पाहिजेत."

"नगं बाई. मग म्हशी कोन राखणार, तुमी? निम्म्या हरवून याल, आन परत माझ्याच नवऱ्याला धराल."