कागदात मावणारं ड्रॉइंग

मेकॅनिकलच्या डिप्लोमाची तीन वर्षं मी कोल्हापुरात काढली, आणि त्यात ड्रॉइंग हा एकच विषय आपण खरा शिकलो, असं अगदी परवापर्यंत सगळ्यांना ऐकवत होते. आता ऐकवत नाही. आमच्या कॉलेजात ड्रॉइंग शिकवत नव्हते, ड्रॉइंग जमा करून घेत होते. या दोन्हींतला फरक मला कळला तोवर आमच्या आण्णांचं तीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. पेठ वडगावात घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पॅटर्न करतात. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्या वस्तूचा ठसा उठवायचा, ती वस्तू लाकडात हुबेहूब घडवावी लागते. तिलाच पॅटर्न म्हणतात. माणूस सातवी शिकलेला, पण ड्रॉइंग समोर पसरलं की चहा गार होईपर्यंत मान वर करायचा नाही. शिरोलीचे फौंड्रीवाले पूर्वी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन शेडवर यायचे. मग गुंडाळ्या बंद झाल्या आणि मोबाईलवर फाईल यायला लागली. ती आण्णांच्या मोबाईलवर उघडायची नाही. ती उघडून घ्यायला ते एका कॅड सेंटरवर जायचे. तिथला पोरगेला मालक त्यांना तासभर बाकड्यावर बसवून ठेवायचा आणि वर ‘मामा, काळाबरोबर चालायला शिका’ असं शहाणपण शिकवायचा. मला डिप्लोमाला घातलं ते एवढ्याचसाठी. घरची पोरगी फाईल उघडेल, प्रिंट काढेल, कुणाच्या दारात बसायला नको.

तर ही घरची पोरगी काय शिकली ते सांगते.

पहिल्या वर्षी हातानं शीटं काढायची होती. पाठीवर मोजपट्ट्या बसवलेलं भलंमोठं ड्राफ्टर अडकवून एसटीत चढायचं, चार लोकांना ते टोचायचं, त्यांच्या शिव्या खायच्या, आणि कॉलेजात पोचल्यावर ते कपाटात ठेवून द्यायचं. कारण त्याची गरजच पडायची नाही. आमच्यात जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची पद्धत होती. दोन बाकांच्या मधे काच ठेवायची, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर कुणाचं तरी पुरं झालेलं शीट आणि त्याच्यावर आपला कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसतात, त्या गिरवायच्या. अख्खी बॅच ओळीनं काचेवर वाकून बसलेली असायची. मूळ शीट कुठल्या काळात कुठल्या बिचाऱ्यानं डोकं चालवून काढलं होतं, देव जाणे.

सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. सर स्वतःही तसेच पास झाले असावेत असा आमचा दाट संशय होता. ते शीट हातात घ्यायचे, उजेडाकडं धरायचे आणि मळलंय का तेवढं बघायचे. रेघ कुठून कुठं गेली, का गेली, हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नाही. शीट स्वच्छ असलं की लाल पेनानं सही. माझी शीटं सगळ्यांत स्वच्छ असायची, कारण मी काचेवर बसण्याआधी हात साबणानं धुवायची.

दुसऱ्या वर्षी कॅड आलं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग. लॅबमध्ये कॉम्प्युटर भरपूर, चालू मोजके. म्हणून निम्मी प्रॅक्टिकलं आम्ही वहीत केली. होय, वहीत. रेघ काढायची कमांड, वर्तुळाची कमांड, पुसायची कमांड, सगळं निळ्या पेनानं, शीर्षकाखाली दोन रेघा मारून. कॉम्प्युटर शिकण्यासाठी वही मळवणारे आम्हीच. शेवटी सबमिशन आलं तेव्हा कुणीतरी पेन ड्राइव्ह आणला, त्यात पास होऊन गेलेल्या एका मुलाच्या फाईली होत्या, आणि त्या सगळ्यांनी घेतल्या. काचेचं ओझं तेवढं वाचलं.

पहिल्याच सबमिशनला साठ जणांच्या प्रिंटवर, कोपऱ्यातल्या चौकटीत, त्याच मुलाचं नाव छापून आलं. सरांनी साठही प्रिंटवर सह्या केल्या. घोळ लक्षात आला तो शिपायाला. प्रिंट वाटताना त्यानं तेच नाव सात-आठ वेळा पुकारलं आणि वैतागून गठ्ठा टेबलावर टाकला. म्हणाला, ‘हा एकटाच शिकतोय काय रं हितं?’ सरांनी आम्हाला बोलावून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की नावं बदला, पण खाडाखोड नको. आम्ही नावं बदलली. चौकटीतलं बाकी काही बदलायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्या चौकटीत ‘स्केल १:१’ असंही लिहिलेलं होतं. म्हणजे वस्तू जेवढी, कागदावरचं चित्रही तेवढंच. आणि प्रिंट काढताना सरांचा हुकूम एकच: फिट टू पेपर करा. ड्रॉइंग केवढंही असो, कागदात मावलं पाहिजे. त्यासाठी कॉम्प्युटर ते मुकाट्यानं लहान-मोठं करून टाकतो. म्हणजे चौकट एक सांगायची आणि कागद दुसरंच. पण पट्टी लावून बघणार कोण? पट्ट्या कपाटात होत्या.

या असल्या विषयात मला एकोणनव्वद मार्क पडले. वर्गात पहिली. मग काय विचारता! मी घरी नाकानं कांदे सोलायला लागले. आण्णा फळीवर वाकून पट्टी लावत असले की मी म्हणायची, ‘आण्णा, पट्टीचे दिवस गेले आता.’ ते हसायचे. शेजारपाजारच्यांना सांगायचे, ‘आमच्या पोरीला सगळं येतंय.’

तिसऱ्या वर्षी आण्णांच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाची, शिरोलीच्या एका कारखानदाराची, फाईल आली. पंपाचं झाकण होतं. त्याच्या बाहेरच्या कडेला असा वेडावाकडा वळसा होता की तो आकड्यांवरून लाकडावर उतरवणं जिकिरीचं. अशा वेळी वळशाची बरोबर मापाची प्रिंट काढून ती प्लायवर चिकटवतात आणि रेघेवरून कापतात. ओतलेलं लोखंड गार होताना आवळतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा धरायला लागतो. ते आण्णांनी मला समजावलं आणि मी तेवढं वाढवलंसुद्धा, अगदी बरोबर. मग कॉलेजची चौकट त्याभोवती लावली, नाव माझं घातलं आणि फिट टू पेपर करून प्रिंट काढली.

आण्णांनी भोकांच्या जागा ड्रॉइंगवरच्या आकड्यांवरून धरल्या आणि वळसा माझ्या प्रिंटवरून कापला.

महिन्यानं कारखानदार ओतलेलं झाकण गाडीत घालूनच शेडवर आले. फळीवर ते धाडकन ठेवलं आणि म्हणाले, ‘मिस्त्री, भोकं बघा कुठं आल्यात. कडंला लोखंडच न्हाय. ह्यात बोल्ट आवळला की तुकडा पडणार.’ आण्णांनी पट्टी लावली. वळसा सगळीकडून आत आला होता. कारखानदार माणूस वाईट नव्हता, पण कोल्हापुरी होता, तोंडावर बोलला. ‘वय झालं आता तुमचं. डोळं तपासून घ्या. ह्या येळचं बघू कायतरी, पण पुढची कामं मी मशीनवर करून घेतो.’

मी शेडच्या दारात उभी होते. झाकणावर पट्टी पडली त्याच क्षणी मला कळलं होतं की काय झालंय. एवढंच म्हणायचं होतं की प्रिंट माझी, चूक माझी. पण वर्गात पहिली आलेली मी, उठताबसता आण्णांच्या पट्टीची टर उडवणारी मी, मूग गिळून गप्प बसले.

आण्णा म्हणाले, ‘व्हय, नजर जरा कमी आलीया खरी.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते एसटीनं कोल्हापूरला गेले, डोळ्यांच्या डॉक्टरकडं. मी कॉलेजला दांडी मारून घरीच बसले होते. दुपारी ते परत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

‘नंबर हाय तेवढाच हाय म्हणतोय डॉक्टर,’ ते म्हणाले. ‘मग माप चुकलं कसं? तुझा कागद चिकटवायच्या आधी मी पट्टी लावली हुती. सहा मिलिमीटर कमी दिसत हुतं. दोनदा लावली. म्हटलं, कॉम्प्युटरनं काढलंय, पोरीनं काढलंय, ते कसं चुकंल? आपल्यालाच दिसंना झालंय.’

तीस वर्षं पट्टी धरलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला, आणि विश्वास कशावर ठेवला, तर माझ्यावर. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सगळं सांगून टाकलं. चौकट कुणाची, फिट टू पेपर म्हणजे काय, सगळं. बोलता बोलता रडलेही. आण्णांनी रडण्याकडं लक्ष दिलं नाही.

‘तुमच्या सरानी हे सांगितलं न्हाय?’

‘नाही.’

‘आणि तू इचारलं न्हाईस.’

सरांना, कॉलेजला, त्या पेन ड्राइव्हला कितीही नावं ठेवली असती तरी ते उत्तर झालं नसतं. माती मी खाल्ली होती.

आण्णांनी खिशातून मोबाईल काढला आणि कारखानदारांना फोन लावला. राम राम झाला. मग मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मालक, डोळं तपासून आलो. डोळ्याला काय झालं न्हाय माझ्या. चूक पोरीची हाय. फोन देतो तिला, तीच सांगंल तुम्हाला.’ आणि फोन माझ्यासमोर धरला.

मी तो घेतला. म्हटलं, ‘काका, प्रिंट मी काढली होती. माप तपासलं नाही. काल मी तिथंच होते, तरी बोलले नाही.’

ते म्हणाले, ‘बरं. म्हंजे मिस्त्रीची नजर शाबूत हाय म्हणायची.’ आणि लगेच, ‘मग दुरुस्त पॅटर्न कवा देताय?’

मी फोनवर हात ठेवून आण्णांकडं वळले. ते उठून फळीपाशी गेले होते, जुना पॅटर्न उलटा करून माझा चिकटवलेला कागद पटाशीनं खरवडून काढत होते. कधी द्यायचा म्हणून विचारलं, तर त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

‘तुला इचारलंय न्हवं?’ ते म्हणाले. ‘तूच सांग की.’