मनुबाईचं काळ्या जिऱ्याचं तेल

इस्लामपुरात मनुबाईचा तेलाचा घाणा होता. नवरा ऐन उमेदीत गेला तेव्हा दिरांनी घाणा विकायचं काढलं. मनुबाई त्यांच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं बैल जुंपला आणि स्वतःच घाण्याच्या फळीवर जाऊन बसली. दीर आले, बघून परत गेले.

शेंगा आणि करडई गाळून तिचं पोट चालायचं. पण नाव झालं ते काळ्या जिऱ्याच्या तेलानं. काळं जिरं, म्हणजे कलौंजी. आपण चटणीला घेतो ते कारळं नव्हे. सांगलीच्या पेठेतून ती थोडं आणायची, घाणा राखेनं घासून घ्यायची आणि तेवढंच गाळायची. तेल कडू जहर, वासाला उग्र. गुडघे धरले, छाती भरली, की माणसं वाटी घेऊन तिच्या दारात यायची.

सासूनं शिकवलेली रीत ती सोडत नसे. अंगाला लावायचं तर करडईच्या तेलात मिसळून, तेही आधी मनगटाला थोडं लावून बघायचं. खाज सुटली तर पुसून टाकायचं. पोटातून घ्यायचं तर लहान चमचा, मधाबरोबर, जेवणानंतर. पोटुशी बाई आली की तिला साफ सांगायची, "तुला प्यायला न्हाई देणार बाई. बाळ होऊ दे, मग ये."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि तिचा धाकटा भाऊ ज्ञानू पलटणीतून सुटून आला. आईबाप नव्हते, म्हणून तो थेट बहिणीकडेच उतरला. ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्करी गाड्या हाकून आलेला गडी, पण खांद्याची हाडं वर आलेली, आणि खोकला. मनुबाईनं छाती चोळली, मधातून तेल दिलं. थोड्याच दिवसांत कफ सुटला, ज्ञानूला श्वास मोकळा वाटायला लागला.

"आक्का, लष्करातल्या डॉक्टरला जमलं न्हाई ते तू केलंस," तो म्हणाला. मनुबाईला बरं वाटलं. तिनं ते शेजारणीलाही सांगितलं.

पण तिन्हीसांजेला त्याचं अंग तापायचं. भाकरी अर्धी उरायची. एकदा त्याचं धोतर धुताना तिला टोकाला तांबडे डाग दिसले. खोकल्यावर त्यानं त्याच टोकाला तोंड पुसलं होतं. तिनं पिळा घातलेलं धोतर पुन्हा उलगडलं आणि तशीच दगडावर बसून राहिली.

गुडघ्यांसाठी नेहमी तेल नेणारे नानासो त्या दिवशी ओसरीवर होते. ते म्हणाले, "चमचा वाढीव की. एवढं गुणाचं तेल हाय."

"गुणाचं हाय म्हणून काय रगताला चालंल?" मनुबाई म्हणाली. "मिरजंच्या दवाखान्यात न्यायला पायजे."

ज्ञानू ऐकेना. "मला बरं वाटतंय आक्का. दवाखान्यात गेलेलं माणूस माघारी येतंय व्हय?"

"तुला बरं वाटतंय, त्याचंच मला भ्या वाटतंय," ती म्हणाली. गाडी सांगून आली, त्याची वळकटी बांधली. ताकारीपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. डब्यात ज्ञानू खिडकीकडं तोंड करून बसला होता.

मिरजेला डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. क्षय होता. मनुबाईनं पदर सावरून विचारलं, "मी तेल पाजत हुते. त्यानं वाढलं का?"

डॉक्टर वयस्कर होते. "तेलानं वाढलं नाही बाई. खोकल्याला आराम पडला असेल. पण क्षय तेलानं जात नाही, आणि आराम पडला की माणूस उशीर करतो. आता पोटातून तेल बंद. इथं उपचार चालू असताना दुसरं काही मधे नको."

ज्ञानूला तिथंच ठेवून घेतलं. निजून राहायचं, अंडी-दूध खायचं, आणि दुखऱ्या फुफ्फुसाला विसावा म्हणून सुईनं छातीत हवा भरायची. मनुबाई बाजार उरकून मिरजेला जायची. इकडं गावात बोलवा उठली, की तेलणीच्या सख्ख्या भावालाच तेल लागू पडलं नाही. गिऱ्हाईक तुटलं. घाण्याचा बैल पुष्कळदा नुसता उभा असायचा.

दुसऱ्या वर्षी सुगी संपताना ज्ञानू घरी आला. ओझं उचलणं त्याला कायमचं वर्ज्य होतं, पण अंगावर मांस आलं होतं. तो घाण्याच्या फळीवर बसायला लागला, आणि येईल त्याला सांगायला लागला, "आक्काच्या तेलानं जगलो गड्या." लोकांची पुन्हा रीघ लागली.

मनुबाई चिडली. "खोटं कशापायी सांगतोस?"

"खोटं कुठं? तुझ्या हातानंच जगलो न्हवं?"

"हातानं म्हण. तेलानं म्हणू नगंस. उद्या कोन तरी ह्या तुझ्या बोलन्यावर घरात बसून ऱ्हाईल."

पण ज्ञानूची सवय काही गेली नाही. मग मनुबाईच दारात बसू लागली. गुडघेवाल्याला तेल द्यायची. खोकलेवाला आला की वाटी बाजूला ठेवून आधी विचारायची, "कवापासून खोकतोयस? सांजचं अंग तापतंय का?" कुणी रागावून उठून जायचं. कुणी खरं सांगायचं, आणि त्याला ती ताकारीहून मिरजेला जाणाऱ्या गाडीची वेळ सांगायची.