दाजींचा डावा हात

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाला पितळी भोंग्यानं बडवत होते. घाटकोपरला आमच्या इमारतीमागे पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा गाळा होता. जुने, चावीचे फोनो, म्हणजे ग्रामोफोन, दुरुस्त करायचे. त्या माणसानं फक्त एवढंच म्हटलं होतं, की आतलं मशीन फेकून द्या, भोंग्यात दिवा बसवून द्या, हॉलमध्ये छान दिसेल. "घरात काळोख आसा तर बल्ब घे मेल्या! ह्येका कित्याक मारतंस?" असं ओरडत दाजींनी भोंगा त्याच्या पाठीत घातला. तो पळाला. चार जण मोबाइलवर शूटिंग करत होते. दाजी मात्र फुटपाथवर मांडी घालून भोंग्याला पडलेला पोचा अंगठ्यानं काढत बसले.

सत्तरीला आलेला माणूस. वडील कापडगिरणीत, स्वतः दाजीही काही वर्षं गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर हातातलं कसब फोनोंकडे वळलं. अंगानं किडकिडीत, पण मनगट असं की चावी फिरवताना शिरा दोरीसारख्या वर यायच्या. दोन्ही हातांवर पांढरे व्रण होते. फोनोची स्प्रिंग म्हणजे दहा-बारा फूट लांबीची पोलादी पट्टी, एका गोल डब्यात गुंडाळून कोंबलेली. जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. डबा उघडताना ती कधी उसळेल याचा नेम नाही. उघडायच्या आधी दाजी गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर काढायचे, दार लावून घ्यायचे आणि आत एकटेच राहायचे. एकदा आतून किंकाळी आली म्हणून मी दार ढकललं. पट्टी पसरून भिंतीवर आपटली होती आणि दाजींचा दंड कोपरापर्यंत उभा फाटला होता. पंचा दातांनी आवळत ते मलाच शिव्या देत होते, "दार कित्याक उघडलंस गो? तुझ्या डोळ्यात गेली असती मगे?"

त्यांच्या बायकोला, मालनकाकूंना, मी एकदा भीत भीत विचारलं, तुमच्यावर कधी हात उचलला का? काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "एकदा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी तापलेलं उलथनं त्यांच्या मनगटावर टेकवलं. डाग अजून आहे बघ. त्यानंतर जगाला मारलं असेल, मला नाही." हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती आत्याच्या फोनोमुळे. आत्या गेली आणि तिचा पेटीचा फोनो माझ्याकडे आला. दाजींची मला भीती वाटायची, म्हणून मी तो आधी अंधेरीच्या एका चकचकीत शोरूममध्ये दुरुस्तीला दिला. तिथे जुन्या वस्तू विकायला मांडलेल्या होत्या. महिन्यानं परत आला तो घरघर करून बंद पडला. नाइलाजानं दाजींकडे नेला. त्यांनी तबकडी ठेवायचा पाट उचलला आणि बराच वेळ आत बघत राहिले. आवाज मुळीच चढला नाही, तेव्हाच मी घाबरले.

"बाय, पेटी तुझीच. पोटातला सगळा काढून घेतल्यानी." आतली स्प्रिंगची मोटर नवी, पत्र्याची होती. ती बसवायला आत्याच्या शिसवी लाकडात कुणीतरी आडदांडपणे नवी भोकं पाडली होती.

"चल," दाजी म्हणाले.

मी त्यांना अडवायला हवं होतं. पण मलाही संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर आपल्या बाजूनं दाजींसारखा माणूस चाललाय याचा आनंदच होत होता. मेट्रोनं आम्ही अंधेरीला गेलो.

शोरूमचा मालक चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. दाजींनी मोटर मागितली. तो हसला. "काका, हिला कळतं का आत काय होतं ते? तुम्ही कशाला मध्ये पडता?" दाजींनी शेजारच्या टेबलावरचा फोनो उचलला, त्याचा भोंगा नखानं खरवडला, खालून नवा पत्रा निघाला, आणि त्यांनी तो जमिनीवर आपटला. मग दुसरा. मग तिसरा. काचेचं कपाट खळ्ळकन फुटलं. मालकाच्या दोन माणसांनी त्यांना मागून धरलं आणि लाथांनी खाली पाडलं. दाजींच्या तोंडातून रक्त यायला लागलं, तरी शिव्या थांबेनात. मालकानं फोनोची हँडलसारखी लोखंडी चावी उचलली. "उजवा हात धरा ह्याचा. टेबलावर ठेवा."

त्यानं तीनदा मारलं. हाडं मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा माझ्या हातात एक जड पितळी समई होती. ती मी कधी उचलली ते मला माहीत नाही. मागून, डाव्या बाजूनं, पूर्ण ताकदीनिशी मी ती त्याच्या डोक्यात घातली. तो कोसळला. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर रक्त पसरत गेलं. ते पाहून दोघे नोकर जे पळाले ते पुन्हा कधी दिसलेच नाहीत. मी विम्याच्या ऑफिसात वीस वर्षं काम केलेली बाई, कधी कुणाला चिमटाही काढलेला नाही. पण त्या क्षणी मला अजून एकदा मारावंसं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, "ह्याच्या डोक्यात कुणी घातलं?" मी तोंड उघडणार तोच दाजी म्हणाले, "मी."

"हा असला हात घेऊन?"

"डाव्यान."

हॉस्पिटलात प्लास्टर घातल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, शाबासकी देतील. "तू कित्याक मारलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे बघून हात उचलला, दाजी."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी घरी आले.

पुढे दोन्ही बाजूंनी तक्रारी मागे घेतल्या. मालकाला त्याचा नकली माल पोलिसांपुढे उघडा पडायला नको होता. त्यानं आत्याची मोटर मुकाट्यानं परत पाठवली. पण दाजींच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. मग रोज ऑफिस सुटल्यावर मी गाळ्यात जायला लागले. ते खुर्चीत बसून सांगायचे, हात माझे. रॉकेलमध्ये भिजवून काळं ग्रीस खरवडलं. लाकडातली भोकं शिसवीच्याच चुऱ्यानं बुजवली. स्प्रिंग डब्यात परत भरायचा दिवस आला तेव्हा मी आधी दार लावून घेतलं. चामड्याच्या हातमोज्यातून पट्टी धडपडत होती, निसटायला बघत होती. "भिऊ नको," दाजी म्हणाले. "पण ती काय करतली ता ईसरू पण नको." दोन तास लागले. फोनो लागला. आत्याची तबकडी अखेरपर्यंत वाजली.

त्या काळात दाजींनी कुणावर आवाजही चढवला नाही. एक गिऱ्हाईक भोंग्यात कुंडी ठेवायचं म्हणालं, तर दाजींनी नुसतं "नको रे बाबा" म्हटलं. मला वाटलं, हात गेला म्हणून माणूस विझला.

दीड वर्षानं एका सकाळी चहा पिता पिता दाजी गेले. तेराव्याला मी काकूंना भांडी आवरू लागत होते. काकू म्हणाल्या, "आता अंधेरीला कोण जाणार?"

"अंधेरीला?"

काकूंनी मला खाली बसवलं. समईच्या घावानं त्या मालकाचा डावा कान कायमचा गेला होता. दाजींना ते कळलं तेव्हापासून ते दर महिन्याला मेट्रोनं त्याच्याकडे जात होते. माफी मागायला. सुरुवातीला तो दारातूनच हाकलायचा. एकदा त्यानं भर रस्त्यात दाजींच्या थोबाडीत मारली. "हे तसेच परत आले," काकू म्हणाल्या, "गाल लाल. मी म्हटलं, त्याला समई तर तुम्ही मारली नव्हती ना? तर म्हणाले, मारलं ते मीच, फक्त हात तिचा होता. आणि मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून अंधेरीला गेले. मालक एकटाच होता. मी डावीकडून हाक मारली, त्याला ऐकू आली नाही. वळसा घालून उजवीकडे गेले. त्यानं मला ओळखलं. दारापलीकडे बघत म्हणाला, "काका नाही आले?"

"दाजी गेले," मी म्हणाले. "आणि तुमच्या डोक्यात त्यांनी नव्हतं मारलं. मी मारलं होतं."

तो काउंटरमागून बाहेर आला. त्यानं हात उगारला. मी जागची हलले नाही, डोळेही मिटले नाहीत. हात तसाच वर राहिला, मग खाली आला.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "परत येऊ नका. ते यायचे, तेवढं पुरे झालं."