खाड्यांना वाजवलेल्या टाळ्या

फलकावरची ही चिठ्ठी न वाचता पुढं जाऊ नका, वसतिगृहातल्या मित्रांनो. डोकं फिरलंय माझं.

आज दुपारी सभागृहात बचतीवर व्याख्यान झालं. महिन्याचं अंदाजपत्रक करा, पुढच्या पाच वर्षांचा विचार करा, असं पाहुणे सांगत होते. इथवर ठीक. मग आपल्या मेसच्या सेक्रेटरीनं कौतुकानं खाड्यांची वही पुढं केली. न जेवलेल्या दिवसाचा खाडा लागतो आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. सर्वांत जास्त खाडे निघाले माण तालुक्यातल्या ज्ञानूचे.

पाहुण्यांनी त्याला उभं केलं. "पोटाला चिमटा कसा काढायचा, ते याच्याकडून शिका!"

आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही!

खोलीवर आल्यावर मी त्याला विचारलं, "एवढे खाडे कसे रं? घरनं येष्टीनं डबा येतो, म्हणूनच न्हवं?"

"डबा कवाच बंद झालाय. घरची समदी दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. फुटाणं खातो, पाणी पितो. परीक्षेची फी भरायची हाय."

माझा संताप संताप झाला. "मग तिथंच का बोलला न्हाईस?"

"त्यांनी खाडे किती, तेवढंच बघितलं गड्या. जेवलास का, ते कुणी इचारलं?"

सहा महिने मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपतोय.

तुमच्या शेजारच्या खाटेवरचा आज जेवलाय का?