कियातची रायफल डावीकडे मारत होती

शेवटच्या ट्रेनिंगचा हुकूम मला चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात, बजेटच्या मीटिंगमध्ये बसलो असताना फोनवर आला. सोमवारी सकाळी आठ वाजता लष्करी कॅम्पच्या गेटवर हजर. दोन आठवडे. लाइव्ह फायरिंग. शेजारच्या मॅनेजरने माझा चेहरा बघून विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही. सुटका."

त्या दोन आठवड्यांत आमच्यातला एक माणूस गेला. वाचकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची मला हौस नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी अकरा वर्षांचा असताना वडील सेम्बावांगच्या जहाजबांधणीत नोकरीला लागले आणि आम्ही नाशिकहून इथे, या बेटावरच्या देशात आलो. इथल्या कायद्याने परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांनाही दोन वर्षं वर्दी घालावी लागते. ती घातली. त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी परत बोलावणं येतं. अशा दहा फेऱ्या झाल्या की माणूस मोकळा. अशा फेऱ्यांना बोलावल्या जाणाऱ्यांना इथे रिझर्व्हिस्ट म्हणतात. भारतात सैनिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिशा आणि पदकं येतात. आमच्या प्लाटूनमध्ये बँकवाले होते, टॅक्सीवाले होते, एक दातांचा डॉक्टर होता, आणि बहुतेकांना पट्टा दोन भोकं पुढे न्यावा लागला होता. मी थर्ड सार्जंट, एका सेक्शनचा प्रमुख. छातीवरच्या पट्टीवर 'कुलकर्णी' हे नाव मावत असे, पण लोकांच्या तोंडात मावत नसे. म्हणून सगळे मला कुल म्हणत.

बून कियात हा माझ्या सेक्शनचा नेमबाज. पहिल्या दिवसापासूनचा जोडीदार. बाहेर तो एअरकॉन दुरुस्तीचा धंदा करायचा. एक व्हॅन, दोन कामगार, साहेब तोच. आम्ही दोघं एकाच रायफल क्लबचे सभासद. दोघांच्याही स्वतःच्या रायफली होत्या, आणि त्या क्लबच्या शस्त्रागारात कुलपात असत. घरी न्यायची परवानगी नाही. माझ्या पुण्याच्या मामांना हे पटत नाही. "बंदूक तुझी आणि कुलूप त्यांचं? मग ती तुझी कशी?" मी त्यांना सांगतो की बँकेतले पैसेही माझेच आहेत. मामा म्हणतात, "त्याचीही मला शंकाच आहे."

लोक विचारतात, रायफल कशाला? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका आयटीवाल्याने हातातली करंजी खाली ठेवून विचारलं होतं. उत्तर साधं आहे. ऑफिसात मी चूक केली तर ती सहा जणांत वाटून घेता येते. कागदाच्या टार्गेटवर ते जमत नाही. श्वास चुकला, खांदा ढिला पडला, चाप झटक्यात ओढला, सगळं तिथे भोकाच्या रूपात दिसतं. कागद खुशामत करत नाही. राजकारणातही मी त्याच मताचा आहे. मला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. एखादी गोष्ट मोडण्याआधी ती आजवर का टिकली हे विचारावं. आपलं ओझं आपण उचलावं. सरकारने कमी बोलावं, आणि ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याने त्याहून कमी.

कियात माझ्याही पुढे होता. सरकारी मदतीचं कूपन घरी आलं की तो ते बायकोला न सांगता शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकायचा. "सरकार एअरकॉनसारखं असावं," तो म्हणायचा. "चालू असावं. रिमोट आपल्या हातात असावा."

(हे बोलणं इंग्रजीत व्हायचं. कोणतं इंग्रजी, ते विचारू नये. मी मराठीत लिहितो आहे.)

ट्रेनिंगची सुरुवात नेहमीसारखीच झाली. हॉलमध्ये कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी स्लाइड दाखवल्या. 'शेवटची फेरी, सर्वोत्तम फेरी' असं पहिल्या स्लाइडवर होतं. पुढच्या स्लाइडवर गरुड होता. सैन्याच्या भाषणात गरुड आला की मी डोळे मिटून घेतो, त्याने श्रद्धेचाही भास होतो. अखेरच्या दिवशी समारंभ होता. दहा फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांना पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र, आणि ज्याने नेमबाजीचा बिल्ला दहाही वेळा टिकवला त्याचा वेगळा सत्कार. तिथवर पोचलेला माणूस कंपनीत एकच होता, कियात. नऊ वेळा त्याने तो टिकवला होता.

"टाय बांधायला लागेल का?" कियातने मला विचारलं.

"वर्दीवर?"

"मग ठीक आहे. बायको घेऊन येते म्हणाली. मुलींनाही."

एवढंच बोलला. पण त्याला तो दहावा बिल्ला हवा होता. कियातने काही हवं आहे असं कधी सांगितलं नाही, म्हणून टायच्या त्या चौकशीवरूनच ते मला कळलं.

पहिल्या दिवशीचं फायरिंग झिरोइंगचं होतं. म्हणजे प्रत्येकाने पाच गोळ्या झाडायच्या, त्या कागदावर कुठे लागतात ते बघायचं आणि त्याप्रमाणे रायफलचं साइट, म्हणजे नेम धरायची खाच, जुळवून घ्यायचं. हवा जड होती. पश्चिमेला काळं आलं होतं, पण ना वारा, ना पाऊस. रेंजवर इतकी शांतता होती की लाल बावटा काठीला चिकटून लोंबत होता.

कियातच्या पाच गोळ्या एरवी एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. त्या दिवशी त्या तळहाताएवढ्या जागेत पसरल्या. खाली आणि डावीकडे.

त्याने कागदावरच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रायफल डावीकडे मारते आहे."

आम्ही साइट जुळवलं. वर आणि उजवीकडे. पुढच्या पाच गोळ्या पुन्हा पसरल्या, फक्त वेगळ्या ठिकाणी.

इथे नेमबाजीतली एक साधी गोष्ट सांगायला हवी. साइट बिघडलं तर गोळ्यांचा सगळा गट एका बाजूला सरकतो. तो फुटत नाही. गट फुटतो तो रायफल धरणाऱ्यामुळे. हे कियातला माहीत होतं, मला माहीत होतं, क्लबमध्ये नवशिक्यांना आम्हीच शिकवायचो. तरी आम्ही दोघं नळीत डोळा घालून बघत बसलो. त्याला कारणही आहे. ज्या माणसाचा गट नऊ वेळा फुटला नाही, त्याच्यावर शंका घेण्यापेक्षा लोखंडावर घेणं सोपं जातं.

"नळी झिजलीय," कियात म्हणाला.

"झिजली असेल," मी म्हणालो.

रायफल बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी नव्या रायफलनेही तेच. मग आम्ही काडतुसांच्या पेटीवर आलो. पेटी बदलली. मग वाऱ्यावर आलो. वारा नव्हता.

दुपारी तो झाडाखाली पाठ टेकून बसला होता. डावा खांदा दाबत होता. खिशातून ॲसिडिटीची गोळी काढून चावली.

"काय रे?"

"काल रात्रीचा लाक्सा. त्या तिखट शेवया बाधल्या. आणि ही कॅम्पची खाट. खांदा आखडलाय."

पलीकडे दातांचा डॉक्टर पाय पसरून बसला होता. तो ओरडला, "एय, कियात, शेवटच्या फेरीत केंग करतोस?"

केंग म्हणजे आजारपणाचं सोंग. आमच्या सैन्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. माणसाला भित्रा म्हटलं तर तो हसतो, केंग म्हटलं तर उठून उभा राहतो. कियात उठून उभा राहिला. "तुझे दात काढायला येऊ का?" म्हणाला. सगळे हसले. त्याच्या ओठावर घाम होता. पण घाम सगळ्यांच्याच ओठावर होता.

एन्सिक रशीदने मात्र ते पाहिलं. वॉरंट ऑफिसरला आम्ही एन्सिक म्हणतो, मलाय भाषेतला 'साहेब'. या एन्सिकला समारंभांचा माझ्याइतकाच कंटाळा होता. तो जवळ आला.

"कियात. मेडिकल सेंटरला जाऊन ये."

"गरज नाही, एन्सिक."

"मी गरज विचारली नाही."

"गेलो तर उद्याच्या बिल्ल्याच्या शूटमधून काढतील. शेवटचीच शूट आहे, एन्सिक. उद्या संपली."

एन्सिक माझ्याकडे वळला. "तू त्याचा सार्जंट. काय म्हणतोस?"

कियात माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हणालो, "संध्याकाळी मी स्वतः नेतो." संध्याकाळी नेलंही. मेडिकल सेंटरच्या दाराशी कियात म्हणाला, आता एकदम बरं वाटतंय, आणि खरंच तसं दिसत होतं. त्याने आत जाऊन खांद्याला लावायला मलम मागितलं. छातीबद्दल विचारलं असावं, कारण ते सगळ्यांनाच विचारतात. तो नाही म्हणाला असावा. बाहेर येताना मलमाची ट्यूब हातात होती आणि तो शीळ घालत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शूट. यात झोपून मारायचं नसतं. तीनशे मीटरवरून सुरुवात, मग धावत पुढे, खंदकात उडी, फायर, पुन्हा धावत पुढे. आभाळ कालच्यासारखंच होतं. मेडिकने रांगेसमोर उभं राहून विचारलं, "कुणाला बरं वाटत नाहीये? ताप, छातीत दुखणं, चक्कर?" कुणी हात वर केला नाही. कधीच कुणी करत नाही. त्या प्रश्नाला सगळे समोर बघतात, राष्ट्रगीताला बघतात तसे.

कियात चौथ्या लेनमध्ये होता. मी त्याच्या मागे, सेफ्टीला.

"फायरर्स, वॉच युअर फ्रंट." टॉवरवरून फायरिंग सुरू करायचा हुकूम आला.

पहिल्या टप्प्यात त्याने एकही टार्गेट चुकवलं नाही. मला वाटलं, खांदाच आखडला होता. दुसऱ्या टप्प्याला तो धावला, खंदकात उतरला. चार टार्गेट पाडली. पाचवं उभं राहिलं आणि खाली गेलं. त्याने गोळी झाडलीच नाही.

"लेन फोर, स्टॉपेज?" टॉवरवरून विचारणा झाली.

मी वाकून पाहिलं. रायफल अडकली नव्हती. त्याने उजव्या हाताने सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावली, रायफल मातीच्या कडेवर नीट ठेवली, नळी समोर, आणि हेल्मेट टेकवल्यासारखं डोकं हातांवर ठेवलं.

"सीझ फायर," मी म्हणालो. मग मोठ्याने. "सीझ फायर. मॅन डाऊन, लेन फोर."

रेंज थांबली. मेडिक आला तेव्हा मी त्याला खंदकाबाहेर ओढलं होतं आणि एन्सिक वर्दीची बटणं तोडत होता. हृदयाला शॉक देणारं मशीन लावलं. मशीनने स्पष्ट, सभ्य आवाजात सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. शॉक दिला. मेडिक पोरगेलासा होता, पण काम सराईतपणे करत होता. गाडी उभीच होती, रस्ता मोकळा होता, हॉस्पिटलला आधीच कळवलेलं होतं. नंतर चौकशी झाली. मी साक्ष दिली. यंत्रणेत कुठे खोट नव्हती, आणि हे मी यंत्रणेवर फारसा विश्वास नसलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

गाडीत मी त्याच्याबरोबर होतो. तो शुद्धीवर आला नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आली आणि तिने आधी टोपी काढली. तेवढ्यावरून कळलं.

समारंभ झाला नाही. प्रमाणपत्रं पोस्टाने आली.

सेम्बावांगमध्ये कियातच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत अंत्यदर्शनासाठी मांडव घातला होता. इथली तशीच पद्धत आहे. गोल टेबलं, शेंगदाणे, सरबताचे डबे, माणसं येऊन बसतात, कुणी रात्रभर बसतं. प्लाटून सगळी आली. दातांचा डॉक्टर एका कोपऱ्यात बसून शेंगदाणे सोलत होता आणि एकही खात नव्हता. एन्सिक माझ्या शेजारी बसला. मला म्हणाला, "शस्त्रागाराच्या आर्मररने दोन्ही रायफली तपासल्या. काही झालेलं नाही त्यांना."

"माहीत आहे."

"मलाही," एन्सिक म्हणाला.

कियातची बायको सिउ लिंग आमच्या टेबलाशी आली. मी उठलो. तिने मला बसायला सांगितलं आणि स्वतःही बसली.

"तू त्याच्याजवळ होतास. त्याने काही सांगितलं का? दुखतंय वगैरे?"

"रायफल डावीकडे मारते आहे, एवढंच म्हणाला."

तिच्या नाकातून हसू फुटल्यासारखा आवाज आला आणि तिने तोंडावर हात घेतला. "घरी म्हणाला गादी वाईट आहे. डावा खांदा धरतो रात्री, म्हणून. गेल्या महिन्यात मी नवी गादी आणली." शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मग उशी वाईट आहे म्हणाला."

माझी मतं बदलली का, असं मला विचारतात. फारशी नाही. मी अजून क्लबला जातो, रविवारी चाळीस गोळ्या झाडतो. आपलं ओझं आपण उचलावं असं मला अजून वाटतं. फक्त नवशिक्याचा गट फुटला की मी आता रायफलला हात लावत नाही. त्याला उठवतो, बाहेर नेतो आणि विचारतो, जेवलास का, झोपलास का, कुठे दुखतंय का. काहींना राग येतो. येऊ दे.

कॉर्पोरल फर्स्ट क्लास लिम बून कियात. दहा फेऱ्या, नऊ बिल्ले. दहाव्या वेळी त्याने अखेरच्या क्षणी सेफ्टी लावली आणि नळी समोर ठेवली. शेजारच्या लेनमधले दोघं आज आपापल्या घरी आहेत.

दर वर्षी त्या तारखेला त्या फेरीतले आम्ही चौघं सेम्बावांगच्या एका कॉफीशॉपमध्ये जमतो. कॉफी येण्याआधी प्रत्येकाने आपलं ब्लडप्रेशर सांगायचं, साखर सांगायची, कुठे काय दुखतं ते सांगायचं. दातांचा डॉक्टर सगळ्यात जास्त सांगतो. गेल्या वर्षी एन्सिकने मूळव्याधीवर इतकं सविस्तर सांगितलं की शेजारचं टेबल उठून गेलं. कुणी कुणाला केंग म्हणत नाही. कियात असता तर म्हणाला असता, हे काय, सैनिक आहात की दवाखान्याच्या बाहेरची रांग? आणि कॉफी अर्धी टाकून उठून गेला असता. गेला असता तर आम्हाला चाललं असतं.