कुमीसचा उन्हाळा

माझा धाकटा भाऊ सागिनबेक आमच्या नारीन गावातला सगळ्यात चांगला ट्रॅक्टर मेकॅनिक, आणि सगळ्यात मोठा बेवडाही. दोन्ही गोष्टी अख्ख्या गावाला ठाऊक, मी कशाला लपवू? बायको सोडून गेली, लेक आयजारकिन माझ्याकडे वाढली. मार्चमध्ये तिचं लग्न ठरलं तेव्हा पोरगी सरळ म्हणाली, "आत्या, बाबा सहा महिने दारूला शिवले नाहीत, तरच बाता त्यांनी द्यायची. नाहीतर थोरले काका देतील."

बाता म्हणजे लेकीला निरोप देताना बापाने तळहात पसरून दिलेला आशीर्वाद. बाप जिवंत असताना तो दुसऱ्याने दिला, तर बाप मेल्यातच जमा. सागिनबेकने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

औषधांच्या दुकानाच्या दारावर एक कागद लावला होता, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा. खाली फोन नंबराच्या पट्ट्या कापलेल्या. मी एक फाडली आणि चोरासारखी मुठीत धरून घरी आले. फोनवर राइसा म्हणून बाई होती. "मंगळवारी दुपारी तीन. ग्रंथालयाच्या मागची खोली. पाटी नाही, दाराबाहेर बूट दिसतील."

आम्ही वेंधळे, पुढच्या दारानेच शिरलो. ग्रंथपाल माझी शाळेतली मैत्रीण. "काय गं बुरमाकान, इकडे कुठे?"

"शिवणाच्या वर्गाला."

"भावाला घेऊन?"

"तोच शिकतोय!"

सागिनबेक कित्येक महिन्यांनी हसला. मागे गेलो तर बुटांचे नऊ जोड. तिथे मात्र त्याचे पाय अडले. "एजे," थोरल्या बहिणीला आमच्याकडे अशीच हाक मारतात, "तू जा घरी. मी नंतर कधीतरी..."

"नंतर कधी? मेल्यावर? चल आत!"

राइसा निवृत्त नर्स. ती म्हणाली, "दोघंही या. घरच्यांनाही बसता येतं." त्या दिवसापासून जूनपर्यंत एक मंगळवार चुकला नाही. प्रत्येकजण आपलं नाव सांगायचा, किती दिवस झाले ते सांगायचा, मग चहा. सागिनबेकचा आकडा वाढत गेला तशी माझी मान ताठ होत गेली.

जूनमध्ये मीच त्याला वर कुरणात नेलं. गावात राहिला असता तर जुन्या मित्रांनी त्याला बाटलीपाशी ओढलंच असतं. तिथे आमच्या घोड्या. मी दूध काढायची, चामड्याच्या पिशवीत आंबवायची, घुसळायची आणि वाटी भरून त्याच्या हातात द्यायची. "पी रे, कुमीस म्हणजे औषध." आमच्याकडे आजाऱ्याला कुमीस, पाहुण्याला कुमीस, पोरांना कुमीस. आंबून त्यात जराशी नशा येते, पण त्याला दारू कोण म्हणेल? भावाच्या गालांवर रंग आला. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, माझ्या हाताचा गुण!

सप्टेंबरात खाली उतरलो. लग्नाला अकरा दिवस उरले होते. त्या मंगळवारी एक नवा मेंढपाळ आला होता. खाली मान घालून म्हणाला, "चार महिने सुटली होती. कुरणात कुमीसवर कुमीस रिचवला, आणि तिथूनच परत व्होडकावर आलो."

मी सागिनबेकचा गुडघा दाबला, कानात म्हटलं, "गप्प बस. अकराच दिवस राहिलेत."

त्याची पाळी आली. तो उठला. "माझं नाव सागिनबेक. आज माझा पहिला दिवस."

"अरे मूर्खा!" मी ओरडलेच. "कुमीस काय दारू आहे? मग तर आपली आजीसुद्धा बेवडी!"

कोणी हसलं नाही. राइसा एवढंच म्हणाली, "इथे हिशोब तपासणारं कोणी नाही. ज्याचं त्याने ठरवायचं."

"एजे," तो म्हणाला, "पहिली वाटी औषध होती. सहावी मी कशासाठी मागत होतो, ते मला कळत होतं. तू पाठ वळवलीस की मी सगळ्यात जुनी, सगळ्यात आंबट पिशवी शोधायचो."

घरापर्यंत मी त्याला शिव्या घातल्या. तो मात्र थेट लेकीपुढे जाऊन उभा राहिला. ती कणीक मळत होती. त्याने सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"कुणी सांगायला लावलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. "अट ती अट, बाबा," ती म्हणाली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडली.

लग्नात बाता थोरल्या भावाने दिली. सागिनबेक पाहुण्यांना चहाच्या वाट्या देत फिरला. लोक बघत होते, कुजबुजत होते. पण त्याने एकही वाटी सांडली नाही. गाडी निघताना आयजारकिन खाली उतरली, बापासमोर आली. "तुमची बाता मला वसंतात हवी. मी येईन घ्यायला. सहा महिने, बाबा, खरे."

"खरे," तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी राइसाने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्याआधी मीच उठले.

"माझं नाव बुरमाकान. त्याला कुमीस मी पाजला. आणि गप्प बस, असंही मीच म्हणाले."

सागिनबेकने सरकून मला शेजारी जागा करून दिली.