ओव्याच्या तेलाचे तीन थेंब

आष्टीच्या बाजारात मी एक किलो ओवा मागितला, तेव्हा मसालेवाले चाचा तराजू तसाच धरून म्हणाले, “किलोभर? पोट लईच बिघडलं का, भाऊ?”

“पोरीच्या कॉलेजात पायजे.”

“कॉलेजात ओवा शिकवायलेत का आता!”

मुलगी संभाजीनगरला वसतिगृहात राहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ओव्याचं तेल काढायचं आणि तोंडातल्या बुरशीवर ते चालतं का ते बघायचं, हा तिचा प्रकल्प होता. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने कापसाच्या काडीने माझ्या जिभेवरून नमुना नेला होता. किलोभर ओव्याचं तेल निघालं अर्ध्या चहाच्या कपाहून कमी.

बायकोला जाऊन तेव्हा दोन वर्षं चार महिने झाले होते. घरात मी एकटा. एरवी मुलीचा फोन रविवारी यायचा, पाच-सहा मिनिटांचा. प्रकल्प सुरू झाला आणि तो रोज यायला लागला. काचेच्या बशीत बुरशी उगवलेली, मध्ये तेलात बुडवलेला कागदाचा गोल तुकडा, आणि त्याच्याभोवती बुरशी न उगवलेलं स्वच्छ कडं, असा फोटो ती पाठवायची. मी मोबाइलवर पट्टी ठेवून कडं मोजायचो. “बशी नव्वद मिलिमीटरची आहे, त्या हिशेबाने काढा,” ती म्हणायची. मग माझा आकडा आणि तिचा आकडा ताडून बघायचो. त्यात अर्धा तास जायचा. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं.

त्याच दिवसांत माझं तोंड आलं होतं. जिभेवर पांढरा थर, ठेचा लागला की डोळ्यांत पाणी. मी दुधात भाकरी कुस्करून खात होतो. मुलीला सांगितलं नाही. परीक्षा सोडून ती आली असती, हे एक. दुसरं असं, की मग फोनवर कडी मोजणं राहिलं नसतं, माझं दुखणंच राहिलं असतं.

उरलेल्या तेलाची छोटी बाटली तिने गावाकडे येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती पाठवली. नुसती बघायला. मी हिशेब केला: एका थेंबाने एवढं कडं, तर माझ्या जिभेला तीन थेंब. बोटाने चोळले. पुढची पंधरा मिनिटं मी मोरीत नळाखाली तोंड धरून होतो.

दुसऱ्या दिवशी फोनवर माझे शब्द बोबडे येत होते.

“पप्पा, तोंडाला काय झालंय?”

“थोडं तेल लावलं.”

“थोडं म्हणजे?”

“तीन थेंब.”

“काही न मिसळता? अहो, बशीला जीभ नसते! बशीत बुरशी मेली म्हणजे औषध झालं का?” ती रागावली, मग म्हणाली, “तुमच्याच बशीत एवढी दाट कशी उगवली, हे मी तेव्हाच विचारायला पायजे होतं. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरता का न्हाई?”

मी खोटं बोलणार होतो. जमलं नाही.

पंप मी नऊ वर्षं घेतोय. त्याचं औषध तोंडात राहिलं की बुरशी धरते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते बायकोला. मी बाहेर गाडी वळवत होतो. ती घरी काही बोलली नाही; मला हे पुढे डॉक्टरांकडूनच कळलं. सकाळ-संध्याकाळ पंप खाली ठेवला की तांब्या समोर यायचा. “चूळ भरा आधी.” मला वाटायचं, तिची स्वच्छतेची खोड. ती गेल्यावर दिवसाला दोन वेळा धरून सतराशेच्या वर चुळा मी चुकवल्या होत्या.

“आई द्यायची ना पाणी,” मुलगी म्हणाली.

डॉक्टरांच्या औषधाने बाराव्या दिवशी जिभेवरचा पांढरा थर गेला. प्रकल्प जमा झाला आणि फोन पुन्हा रविवारवर आला. आता ती आधी विचारते, “चूळ?” मी म्हणतो, “भरली.” बाकी सहा दिवस विचारणारं कोणी नाही. मी तांब्या आधीच भरून पंपाच्या शेजारी ठेवतो, म्हणजे पंप खाली ठेवला की तो समोर असतो.